वरच्या वळणाला हात लावू नये

मी, धंद्याने चित्रकार, वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम नदीकडच्या घराची वरची खोली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गेल्या रविवारी जे पाहिले त्यानंतर ते ठिकाणावर कसे राहिले, याचे मला अजून नवल वाटते.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक मुलीला. जिन्याखालची खोली मात्र स्वयंपाकाच्या बाई हयात असेतो त्यांची. बायकोच्या माघारी त्यांनी मला जेवू घातले आणि माझ्या प्रत्येक चित्राला ‘बरंय’ म्हटले. त्याहून जास्त कौतुक त्यांनी कशाचेही केलेले मी ऐकलेले नाही.

२. माझे मेहुणे चारचौघांत माझी ओळख ‘आमचे पाट्या रंगवणारे’ अशी करून देत आले. खरेच आहे, पाट्या रंगवूनच मी उभा राहिलो. त्यांना माझ्या हातची पहिली पाटी द्यावी: ‘येथे थुंकू नये’. अक्षर आजही झकास आहे.

३. आता रविवारचे. नगरसभेच्या दालनात माझे नदीकाठचे मोठे चित्र आहे. त्यात काठावरचे वाळुंजाचे वाकडे झाड नाही, कारण मी त्याच्याच सावलीत बसून ते काढले. वाढदिवसाला गावच्या मंडळींनी माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधून मला काठावर नेले. रुमाल सोडला, तर झाड नाही. लव्हाळी नाही. काठ घासूनपुसून लख्ख. क्षणभर वाटले, आपण दालनातच उभे आहोत. लोक टाळ्या वाजवत होते. दर सुट्टीला खपून त्यांनी हे केले होते. काठसमितीचे अध्यक्ष, आमचे न्हावीमामा, हळूच म्हणाले, “भाऊ, हुबेहूब तुमच्या चित्रासारखं केलंय. एक काडी जास्तीची ठेवली नाही.”

मी रुमाल पुन्हा डोळ्यांवर धरला. त्यांना वाटले, मी गहिवरलो. मुलीने हाताला धरून मला बाकावर बसवले. बाक त्याच झाडाचे होते.

४. एवढ्यावर भागले नाही. पुढच्या वाढदिवशी नदीचे वरचे वळणही असेच करून मला भेट मिळणार असल्याचे जाहीर झाले. त्या वळणाचे चित्र ग्रंथालयात आहे, मालकी माझी. ते मी पलीकडच्या काठावरून काढले. एवढ्या लांबून मातीच्या कड्यातली खंड्या पक्ष्यांची बिळे दिसत नाहीत. समितीने कडा लिंपून घ्यायचे ठरवले आहे. कारण चित्रात भोके नाहीत.

म्हणून लिहितो: माझी उरलेली सर्व चित्रे गावाला द्यावीत, पण वरच्या वळणाला कुदळ, कोयता, थापी किंवा झाडू लागता कामा नये. लागल्यास सर्व चित्रे मेहुण्यांना जावीत. ते ती आनंदाने विकतील. अंमलबजावणी मुलीने करावी. रविवारी टाळ्या वाजवणाऱ्यांत तीही होती, म्हणून ती आता जपून वागेल.

५. साक्षीला मी न्हावीमामांनाच बोलावले, म्हणजे उद्या ‘ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय नको. त्यांनी वरचा मजकूर दोनदा वाचला. मग म्हणाले, “आधी बोलला असतात तर, भाऊ.” मी म्हटले, विचारले कुठे होते? त्यांनी पेन हातात घेतले. म्हणाले, “सही करतो. पण कागद कपाटात राहणार आणि चित्र भिंतीवर. आपण दोघं गेल्यावर लोक काय बघून काम करतील?”

तेव्हा सही बाजूला ठेवून आम्ही ग्रंथालयात गेलो. मामांनी शिडी धरली. मी ते वळणाचे चित्र, माझे सर्वांत चांगले, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पांढऱ्या रंगाने भरून टाकले. पाणी शेवटी झाकले. ज्यांना वळण बघायचे असेल, त्यांनी चालत जावे.

लिहिलेले सर्व वाचून पाहिले, मान्य आहे.

सही: चित्रकार

साक्षीदार: १. न्हावीमामा, अध्यक्ष, काठसमिती (हाताला रंग लागल्याने सहीवर डाग आहे, तो ग्राह्य धरावा)
२. डॉक्टर

स्थळ: घरची वरची खोली
दिनांक: वाढदिवसानंतरचा शुक्रवार, संध्याकाळ