एकच्या खाली पातळी नाही

प्रिय तिरप्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच लिहिते, बाबा बरे आहेत. म्हणजे चालतात, फिरतात, जेवतात. फोनवर का नाही बोलले असं विचारशील. फोन पुढच्या खोलीत, आणि तिथेच हे दिवसभर बसलेले. शिवाय काही गोष्टी माझ्या तोंडून निघत नाहीत, हाताने लिहिल्या तर कदाचित निघतील. मॅट्रिकला निबंधात मला चांगले गुण होते, तेवढ्या भांडवलावर बसले आहे. कामं आटपली आहेत, हे बाहेर आरामखुर्चीत डुलकी घेताहेत, आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून उभ्याउभ्याच लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

तू पाठवलेलं ते बुद्धिबळाचं यंत्र आठवतं ना? हे निवृत्त झाले त्या वर्षी तू ते पार्सलने पाठवलंस, सोबत एक चिठ्ठी, 'हे मुद्दाम हरणार नाही.' बस, एवढंच. ना तब्येतीची चौकशी, ना नमस्कार. यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि यंत्राच्या पोटाखाली चिकटवून टाकली. आठ दिवस यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. नवव्या दिवशी मी भाजी घेऊन आले तर खोलीतून टुकटुक आवाज येतोय. ऑफिसात नकाशे काढण्यात यांचा जन्म गेला, तसेच बसले होते, पाठ ताठ, पेन्सिलीला टोक काढलेलं, शेजारी आखीव कागद. सोंगटी घरावर दाबायची, मग यंत्र विचार करतं आणि कडेचे दोन लाल दिवे लावून आपली चाल दाखवतं, हे त्यांनी पुस्तिका न उघडता शोधून काढलं होतं. मला म्हणाले, "तुझ्या मुलाने बरी वस्तू पाठवली आहे." चांगली वस्तू आली की मुलगा माझा नसायचा, एवढं तुला माहीत आहे. त्यामुळे 'तुझ्या मुलाने' म्हणाले तेव्हा यांचा राग अजून गेलेला नाही हे मी समजले, पण 'बरी' हा शब्द मात्र मी जपून ठेवला.

त्या यंत्रात चौसष्ट पातळ्या आहेत, पटावर जितकी घरं तितक्या. पहिल्या काही अगदी पोरासोरांच्या, यंत्र लगेच चाल करून मोकळं होतं. वर वर जावं तसं ते विचार करत बसतं, शेवटच्या ओळीत तर म्हणे एका चालीला दिवस घेतं. हे तिसाव्या पातळीवर खेळायचे. यंत्र विचार करायला लागलं की यांची नखं कापून व्हायची, कुंड्यांना पाणी घालून व्हायचं, तरी दिवा लागायचा नाही. निम्मे डाव हे जिंकायचे, निम्मे ते. "बरोबरीचा भिडू आहे," म्हणायचे. ऑफिसातले लंबूकाका रविवारी यायचे त्यांना अभिमानाने सांगायचे, "तीस नंबरवर खेळतो मी, गंमत नाही."

माझा काटकसरी स्वभाव तुला ठाऊक आहे. पहिल्याच महिन्यात मी काय केलं, तर एका संध्याकाळी त्या यंत्रातल्या बॅटऱ्या काढून ठेवल्या. कशाला रात्रभर झिजवायच्या? मला काय माहीत, की बंद केलं तरी ते अर्धा डाव लक्षात ठेवतं, पण पोटात बॅटऱ्या असतील तरच. दोन दिवस चाललेला यांचा डाव पुसला गेला. वर पातळीही आपोआप पाचवर आली. हे बसले आणि वीस मिनिटांत जिंकले, तर आनंद होण्याऐवजी चेहरा लाल. "हे मला लहान मूल समजतं का?" मी कबूल केलं तर दोन दिवस अबोला. मग मी ती पुस्तिका शब्दकोश घेऊन बसून वाचली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, प्रत्येक बटणासकट. चाल मागे घ्यायचं बटण, बाजू बदलायचं, आवाज बंद करायचं. एक सल्ल्याचं बटणही आहे. ते दाबलं की कोणती चाल करावी ते यंत्रच दिवे लावून सांगतं. यांनी त्याला कधी बोट लावलं नाही. म्हणायचे, समोरच्यालाच विचारायचं आणि समोरच्यालाच हरवायचं, हा कुठला न्याय.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी दारातून बघितलं. यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि ते बटण दाबलं. डब्यातली साखर खाणाऱ्या पोरासारखं. मी मागच्या पावली परत फिरले. त्याआधी महिनाभर हे हरतच होते. ताट तसंच राहायचं. विचारलं तर म्हणायचे यंत्र बिघडलंय. चष्मा बदलला, झालं काही नाही. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आज वार कोणता विचारलं, तर म्हणाले, "तुमच्या मागे कॅलेंडर आहे, तुम्हाला वाचता येत नाही का?" डॉक्टर हसले. मी हसले नाही, कारण त्या कॅलेंडरवर मागचा महिना होता आणि यांनी वार काही सांगितलाच नव्हता. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून सांगितलं, की हे असंच उतरत जाणार, हळूहळू, औषधाने फार तर उतार थोडा लांबेल.

घरी आले, देवापुढे बसले, पण मागायचं काय तेच सुचेना. मग उठले, फडकं घेतलं आणि पट पुसता पुसता यंत्राची पातळी तीसवरून अठ्ठावीस केली. पातळी कितीवर आहे ते बटण दाबल्याशिवाय दिसत नाही. आणि डाव मांडण्याआधी ते बटण दाबून खात्री करायची यांची सवय कधीच सुटली होती. दुपारी हे जिंकले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मी देवाला म्हटलं, एवढं एक खोटं पदरात घे. एक कसलं रे. पंधरा दिवसांनी सव्वीस. मग तेवीस. वहीत पुढून घरखर्च लिहिते तसं मागून तारीख आणि पातळी लिहायला लागले. डॉक्टरांना जे सांगता येत नव्हतं ते मला आकड्यात दिसत होतं. गेल्या वर्षी या दिवसांत अकरा होती. यंदा उन्हाळा संपता संपता तीन.

त्याच सुमारास लंबूकाका आले होते. यांनी नेहमीचं सुरू केलं, तीस नंबरवर खेळतो. काकांनी सहज पातळीचं बटण दाबलं. दिवे लागले तिसऱ्या घराचे, म्हणजे पातळी तीन. मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी. काकांनी दिव्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "खरंच की, तीस. साहेब, तुमच्यापुढे आम्ही म्हणजे नुसती प्यादी." जाताना जिन्यात थांबून म्हणाले, "वहिनी, मुलाला कळवलंय का?" मी म्हटलं, कळवते. त्याला चार महिने झाले.

का नाही कळवलं ते आता लिहायला हवं. एकोणीस वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ तू विसरला नसशील. तू सतरा वर्षांचा. तेव्हा तुमचा रोज डाव व्हायचा आणि तुझे ते दोन उंट तिरपे तिरपे येऊन यांची दाणादाण उडवायचे, म्हणून तर यांनी तुझं नाव तिरप्या पाडलं. वर्षभर तूच जिंकत होतास आणि हे हरून खुशीत असायचे. त्या दिवशी ऑफिसात यांनी काढलेल्या नकाशात हद्दीची एक रेघ चुकली होती आणि नव्या साहेबाने सगळ्यांसमोर तो कागद यांच्या अंगावर फेकला. हे घरी आले आणि तीनदा हात धुतले. मी तुला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, आज बाबांना जिंकू दे. तू म्हणालास, त्यांना कळेल. मी म्हटलं, माझं ऐक. तू वजीर नेऊन यांच्या घोड्याच्या तोंडी दिलास.

यांनी तो वजीर मारला नाही. बराच वेळ पटाकडे बघत बसले, मग आपलाच राजा आडवा केला आणि सोंगट्या डब्यात ओतल्या. "ऑफिसातला अपमान पुरेसा होता. आता घरातही भीक घालायला लागलास. पुन्हा माझ्यासमोर बसू नकोस." तू दारातून माझ्याकडे बघितलंस. आणि मी, दूध उतू जात नव्हतं तरी, दुधाकडे बघितलं. तू माझं नाव सांगितलं नाहीस. तेव्हाही नाही, पुढच्या वर्षी घर सोडलंस तेव्हाही नाही. मी मनात म्हणत राहिले, आज सांगेन, उद्या सांगेन, यांचा राग उतरला की सांगेन. राग उतरला की नाही ते कळायच्या आत बाकीचंच सगळं उतरायला लागलं. आणि ज्या गोष्टीसाठी तू घराबाहेर गेलास, तीच मी दोन वर्षं रोज करते आहे, फडकं हातात घेऊन.

गेल्या महिन्यात बॅटऱ्या संपल्या. नव्या घातल्या, पण पातळी पुन्हा पाचवर जाते हे मी, सगळी पुस्तिका पाठ असलेली बाई, विसरले. हे ओळीने तीन डाव हरले. तिसऱ्यानंतर सोंगट्या डब्यात भरता भरता घोडा हातात धरून म्हणाले, "हा कसा चालतो गं?" मी घाईघाईने पातळी उतरवली, बॅटऱ्या संपण्याआधी दोन होती, आता एकच केली. आठ दिवस ठीक गेले. मग एकवरही हरायला लागले. मी पुस्तिका पुन्हा वाचली, मागचं बारीक अक्षरसुद्धा. एकच्या खाली पातळी नाही. मीच समोर बसून बघितलं, मला कुठे खेळता येतं, मी आपोआपच हरले. पण मला हरवण्यात यांना काय गोडी, ते तर लग्नापासून चाललंय.

परवा दुपारी यंत्राने मात दिली तेव्हा हे त्याला म्हणाले, "तिरप्या, तू फार घाई करतोस." रागावून नाही. तू शाळेत असताना म्हणायचे तसं. माझा धीर सुटला. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. तो वजीर त्याने नाही दिला, मी द्यायला लावला. त्याचा काही दोष नव्हता. यांनी माझ्याकडे बघितलं, आणि खरं सांगते, नजर स्वच्छ होती, नकाशावरची चूक शोधताना असायची तशी. म्हणाले, "एवढी वर्षं बोलली नाहीस?" मी म्हटलं, नाही. मग म्हणाले, "पोराला बोलाव. आमचा डाव अर्धा राहिलाय." उठून तोंड धुवायला गेले. परत आले आणि विचारलं, पट कोणी मांडलाय. मी पुन्हा सांगितलं. या वेळी त्यांना वाटलं हे आजच घडलंय. चप्पल शोधायला लागले, म्हणाले पोरगा रागावून फार लांब गेला नसेल, कोपऱ्यावरून घेऊन येतो. मी हाताला धरून बसवलं. तिसऱ्यांदा सांगायची माझी छाती झाली नाही.

तर हे पत्र त्यासाठी आहे. तुला बोलावलंय ते यांनी, मी नाही. यांच्या ते लक्षात नाही, म्हणून मी लिहून कळवते आहे. आलास तर तुला नावाने ओळखतील का, मला माहीत नाही. पण समोर बसलास आणि उंट तिरपा काढलास तर कदाचित ओळखतील. डॉक्टर म्हणतात घाई करा, पण किती ते सांगत नाहीत. काल यांनी नवा डाव मांडून अर्धाच सोडला, तो मी यंत्रात तसाच ठेवलाय, बॅटऱ्यांना हात लावत नाही. तू ये आणि त्या यंत्राच्या जागी बस. जिंकायचं का हरायचं ते तुझं तू ठरव. या वेळी मी स्वयंपाकघरातून काहीही सांगणार नाही.

तुझीच,
आई