दहाव्याची रजा

आळेफाटा,
शनिवार, दुपार

प्रिय रोहिणी,

हॉस्टेलात रविवारी चार ते पाच आपण घरी पत्रं लिहायचो, आठवतं? अभ्यासाच्या लांब टेबलाशी तू डावीकडे, मी उजवीकडे आणि मधे शाईची एकच बाटली. पाकीट बंद करायचं नाही असा नियम होता. सिस्टर आधी वाचणार आणि मग स्वतः डिंक लावणार. तू दर रविवारी तेच लिहायचीस, मी मजेत आहे, जेवण चांगलं आहे, अभ्यास चालू आहे. एकदा अंगात ताप होता तरी तेच लिहिलंस. मी विचारलं तर म्हणालीस, खरं लिहिलं तर आई रडेल आणि सिस्टर रागावेल, मग लिहायचं कोणासाठी? मला हसू आलं होतं. तुझी केस विंचरायची पांढरी फणी पत्राच्या घडीवर ठेवून तू ती घडी दाबायचीस, तेही मला अजून दिसतं. चाळीस वर्षं झाली त्याला.

मोठी गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे अडखळायला नको. अकरा दिवसांपूर्वी, मंगळवारी, मी माझ्या शाळेत सांगितलं की माझी शिनोलीची मैत्रीण रोहिणी वारली.

आता राग आवरून पुढचं वाच.

तू म्हणशील, तेजूला वेड लागलं. वेड नाही ग, भीती लागली होती. जून महिन्यापासून माझे तास निम्मे झाले आहेत. इंग्रजी शिकवायला कुठल्याशा कंपनीची पोरं येतात, टॅब घेऊन, आणि वर्गातली मुलं त्या टॅबकडे बघून उच्चार करतात. पुढच्या जूनला मला वर्गच नसेल. दाखल्यांच्या खिडकीशी बसवतील किंवा तेही नाही. संसार अर्धा टाकून सुनील गेल्यापासून या दोन खोल्या आणि ही नोकरी एवढंच माझं आहे, आणि पंचावन्नाव्या वर्षी घरी बसून भिंतीकडे बघायची माझी तयारी नाही. म्हणून मी अर्ज करायला सुरुवात केली. गुपचूप, कारण आमच्याकडे कोणी दुसरीकडे नोकरी शोधतंय असं कळलं की त्याच आठवड्यात त्याच्या जागी माणूस बघायला घेतात. दोन वर्षांपूर्वी एका विज्ञानाच्या बाईंचं तसंच झालं. नवीन नोकरी हातात यायच्या आत जुनी गेली.

पहिल्या मुलाखतीला मी दात दुखतो म्हणून सांगितलं, नारायणगावला. दुसऱ्या वेळी बँकेचं काम. खोटं बोलताना माझे कान गरम होतात, तुला ठाऊक आहे. दोन्ही ठिकाणी वय ऐकून त्यांनी चहा पाजला आणि निरोप दिला. तिसरं बोलावणं आलं ते पुण्याच्या पलीकडच्या एका निवासी शाळेचं. मुलींच्या वसतिगृहावर देखरेख, रोज दोन तास इंग्रजी, राहायला खोली. बुधवारी सकाळी नऊला, नमुन्याचा पाठ घेऊन दाखवायचा. मला ती जागा इतकी हवी होती, रोहिणी, की तो पाठ घोकून घोकून झोपेतही बडबडत असेन.

मंगळवारी मी रजा मागायला मुख्याध्यापकांकडे गेले. रामनाथ सर माणूस वाईट नाही, पण सहामाही तोंडावर आली होती आणि त्यांनी नोटीस लावली होती की घरचं लग्न किंवा कोणाचं मरण सोडून रजा नाही. ते मान वर न करता म्हणाले, कशासाठी? मी म्हटलं, मरण झालंय सर. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, कोण? आणि माझ्या तोंडातून तुझं नाव गेलं. दुसरं कुठलंही चाललं असतं. माझ्या दूरच्या आत्या आहेत, मावश्या आहेत, त्यातल्या दोघी तर खरंच वारल्या आहेत. पण मैत्रीण म्हणून, जवळचं माणूस म्हणून, एकच नाव जिभेवर होतं. शिवाय शिनोली म्हणजे आंबेगाव तालुका, दीड तासाचा रस्ता, तिथे कोण बघायला येतंय, असा हिशोब मनात कुठेतरी झाला असणार. रजा लगेच मिळाली. सर दारापर्यंत सोडायला आले.

आणि दारात त्यांनी विचारलं, दहावा कधी?

पंचवीस वर्षं मी या मुलखात राहते. एका सकाळी दोन-दोन दहावे करून साडेदहाला शाळेत हजर झालेली माणसं मी पाहिली आहेत. नदीवर माइक लागतो, पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करतात, मंडपाबाहेर गाड्या किती लागल्या ते लोक वर्षभर सांगतात. लग्न चुकलं तर चालतं, दहावा चुकवायचा नाही. हे सगळं माहीत असून मी ते विसरले, कारण मरण म्हणजे फोन करून दुःख कळवायचं आणि संपलं, असं माझ्या हॉस्टेलातल्या डोक्याला अजून वाटतं. मी बोटं मोजली आणि म्हटलं, पुढच्या गुरुवारी. सर म्हणाले, बाई, तुम्ही एकट्या जाणार नाही. शाळेची बस काढू.

बुधवारची मुलाखत चांगली झाली असं मला वाटलं. पाठ छान झाला, मुली हसल्या. मग तिथल्या प्राचार्यांनी सहज विचारलं, आज कामाचा दिवस, तुमच्या शाळेने रजा कशी दिली? मी म्हटलं, घरगुती कारण आहे. कान गरम झाले नाहीत. येताना बसमध्ये मला त्याचीच भीती वाटली, की कान गरम झाले नाहीत. आठ दिवसांत कळवतो म्हणाले होते. म्हणजे दहाव्याच्या आधी. मी मनाशी ठरवलं, पुढच्या बुधवारपर्यंत फोन आला तर राजीनामा देऊन मोकळी होईन, मग कोणाला काय कळायचं ते कळो.

गुरुवारी शाळेत गेले तर प्राचीने, म्हणजे आमच्या बालवाडीच्या बाईंनी, स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलीचं चित्र टाकलं होतं. समई, दोन कमळं आणि खाली तुझं नाव. फोटोची जागा मोकळी. ती माझ्याजवळ तुझा फोटो मागत होती. मी म्हटलं, नाही माझ्याकडे. होता. आपल्या दोघींचा, पर्वतीच्या पायऱ्यांवरचा, माझ्या पर्समध्येच होता. दिवसभर ती पर्स मी मांडीवरून खाली ठेवली नाही.

मग दुखवट्याच्या वस्तू यायला लागल्या. सरांनी तुझ्या मुलासाठी टॉवेल-टोपी आणली. प्राचीने साडी आणली, तपकिरी, बारीक काठाची, सुनेसाठी म्हणून. आमच्या शिपाई तुकामावशींनी त्यांच्या भातखाचरातला पायलीभर तांदूळ कापडी पिशवीत बांधून आणला आणि म्हणाल्या, दुखवट्याच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये. सातवीच्या मुलांनी जांभळाचं रोप आणलं, हल्ली दहाव्याला आठवण म्हणून झाड लावतात ना, तसं. सगळं माझ्या टेबलामागे ठेवलेलं. मी व्याकरण शिकवत होते आणि पाठीशी तुझा दुखवटा साठत होता. मधल्या सुट्टीत मी फोन बघायची. पुण्याहून काही नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे आमचा बसचा ड्रायव्हर भरत. त्याची बहीण तुमच्या गावात दिलेली आहे हे मला शुक्रवारी कळलं. तो म्हणाला, बहिणीला विचारून ठेवतो, कितीला हाय दहावा, गाडी कुठवर जाती. शनिवारी म्हणाला, फोन लागंना. सोमवारी मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. मला वाटायचं, आत्ता तो सरांच्या खोलीत जाईल. बसचा हॉर्न वाजला की मी खिडकीतून सरांच्या दाराकडे बघायची.

मंगळवारी संध्याकाळी फाट्यावर मी शेवटची उतरत होते. भरतने इंजिन बंद केलं, पण दार उघडलं नाही. समोरच्या काचेतून बघतच म्हणाला, "बाई, लागला बहिणीचा फोन. रोहिणीकाकू सकाळीच तिच्याकडून विरजण घेऊन गेल्या म्हनती."

मी दाराशीच उभी होते. तोच पुढे म्हणाला, "मी कुनाला बोललो न्हाई, बोलनार बी न्हाई. पर गुरुवारी गाडीत बावीस मान्सं बसनार. त्यांला तिथं कुठं उतरवू, तेवढं सांगा."

मग दार उघडलं. मी घरी आले आणि चपला न काढता खुर्चीवर बसून राहिले. बावीस माणसं डोळ्यांसमोर येत होती, नदीकाठी उतरून मंडप शोधणारी. सर खिशातून भाषणाचा कागद काढताहेत. आणि त्यातलं कोणीतरी वाट विचारत तुझ्या दारात येतंय आणि दार तूच उघडते आहेस.

बुधवारी पहिल्या तासाआधी मी सरांना सगळं सांगितलं. मुलाखती, दात, बँक, तू. ते म्हणाले, "नोकरी बघायला जातो म्हणाला असतात तर मी डोळेझाक केली असती. मीसुद्धा गेल्या वर्षी दोन ठिकाणी जाऊन आलो. पण जिवंत माणसाचा दहावा, बाई?" आवाज चढला नव्हता, त्यानेच जास्त लागलं. दुपारी मी राजीनामा लिहून दिला. त्यांनी महिनाअखेरची तारीख घालायला सांगितली. स्टाफरूममध्ये मी उभी राहून सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. प्राचीच्या डोळ्यांत पाणी आलं, फसवलं गेल्याचं. फक्त तुकामावशी म्हणाल्या की मेल्याची खोटी आवई उठली की आयुष्य वाढतं, त्या बाई आता शंभरी बघत्यात. त्यावर दोघं-तिघं हसले. मी हसले नाही आणि रडलेही नाही.

पुण्याच्या शाळेचा फोन आला नाही. आठ दिवस होऊन गेले, तेव्हा येणार नाही असंच धरून चालते आहे. दिवाळीनंतर आसपासच्या मुलांच्या शिकवण्या घेईन. चालेल माझं. तू त्याची काळजी करू नकोस, आणि कृपा करून पापड-कुरडया पाठवू नकोस.

वस्तू मी ज्याच्या त्याला परत करायला गेले. कोणी घेतल्या नाहीत. दुखवट्याला काढलेलं पुन्हा घरात घेत नाहीत, म्हणाले. सरांनीसुद्धा टोपी हातात घेतली नाही. त्यामुळे चार दिवस त्या माझ्या खोलीत आहेत, आणि त्यांच्याकडे बघताबघता मला जे कळलं ते लिहायलाच खरं म्हणजे हे पत्र घेतलं.

सुनील गेला तेव्हा तू दिवस उजाडायच्या आत आमच्या खोडदच्या क्वार्टरवर आली होतीस, तीन दिवस राहिलीस, माझ्या तोंडात घास घातलास. आणि पाच वर्षांपूर्वी तुझ्यावर तीच वेळ आली, ज्ञानेश्वरभाऊजी गेले, तेव्हा मी आले नाही. अंत्यविधीला नाही, दहाव्याला नाही. फोनवर तुला म्हणाले, परीक्षा आहेत ग, रजा दिली नाही. तू म्हणालीस, असू दे. त्यानंतर तू मला कधी फोन केला नाहीस आणि मी समजले, तुला राग आला, शाळेचा. रोहिणी, रजा नाकारली नव्हती. मी मागितलीच नव्हती. नवे संस्थाचालक आले होते, माझी नेमणूक पक्की व्हायची होती, त्यांच्या डोळ्यांवर यायला नको म्हणून मी सरांच्या खोलीपर्यंत गेले आणि वळून वर्गात आले. तुझा सोमनाथ बापासाठी नदीवर केस काढून बसला असेल तेव्हा मी मुलांना शुद्धलेखन घालत होते. तुझ्या खोट्या मरणाला मी रजा मागितली, आणि ती अर्ध्या मिनिटात मिळाली. तेव्हाही मिळाली असती. तुला भरतच्या बहिणीकडून बाकीचं सगळं कळेल, पण एवढं माझ्याकडूनच कळायला हवं होतं. म्हणून तुझा म्हणून जमलेला हा दुखवटा मी भाऊजींचा म्हणून पाठवते आहे, पाच वर्षं उशिरा. उद्या भरत बहिणीकडे येतो आहे, तो घरी आणून देईल. टॉवेल-टोपी सोमनाथला दे. साडी प्राचीने तुझ्या सुनेसाठी म्हणून आणली, पण ती तू घे. अशी साडी माहेरून यायची असते आणि तुझ्या माहेरचं कोणी उरलं नाही, तेव्हा तुला ती माझ्याकडून यायला हवी होती. सूनबाईला, दिशाला, मी माझी निळी पैठणी पाठवते आहे, ती सुनीलने घेतलेली आहे, दुखवट्यातली नाही, तिने बिनधास्त नेसावी. तांदळातले दोन शेर भरतच्या बहिणीला दे, तिने गावात बोभाटा केला नाही म्हणून, आणि उरलेल्याचा भात भाऊजींच्या तिथीला कर. रोप सोमनाथने विहिरीच्या वरच्या अंगाला लावावं, जांभूळ मोठं होतं, भिंतीपासून लांब. यातलं काही नकोसं वाटलं तर तिथेच कोणालाही देऊन टाक, पण भरतच्या हाती परत पाठवू नकोस, इकडे घेणारं कोणी नाही.

तुझीच,
तेजू