हिरव्या ठिपक्यावर चादर

ता. ४ नोव्हेंबर, मंगळवार

चहा थंड करून टाकला पोरीनं. पुन्हा गरम केला, पुन्हा थंड. म्हणे, "आजी, आत्ता बोलू नको, मी ऑनलाइन आहो." नात माही, डोयासमोर बसली, अन् बोलाची बंदी मलेच.

मग विचारलंच, करते तरी काय. तर म्हणे कंप्युटरच्या कोपऱ्यात ठिपका असते. हिरवा म्हणजे माणूस हजर, पिवळा म्हणजे उठून गेला, लाल म्हणजे कामात. मेसेज टाकाच्या आधी ऑफिसवाले थो ठिपका पाह्यतेत. थो कसा दिसन, कवा बदलन, हे आमची पल्लवी ठरवते. अन् याचा पगार भेटते. जन्मभर कुंकू लावलं, मले कोणी दमडी नाही देल्ली.

ता. ५, बुधवार

जेवताना रमेशनं काढलंच. लेक माहा, पल्लीचा बाप. येत्या मंगळवारी साहेब काम पाहून सांगणार. पसंत पडलं तर नोकरी पक्की, घरी बसून. नाही तर सुट्टी. अन् सुट्टी झाली तर रमेशनं नागपूरचं स्थळ पाहूनच ठेवलं आहे.

म्हणे, "साहेबासंग मीच बोलतो. पोरीले बोलता येत नाही."

येत नाही म्हणे. काल मले गप्प केलं तिनं, मले!

पल्ली रडली नाही. नाक शिंकरलं अन् विचारते, "आजी, ठिपका गोल ठेवू का चौकोनी?" म्या म्हटलं गोल. चौकोनी पाहून वाटन माणूस खोक्यात भरून ठेवला.

ता. ७, शुक्रवार

पल्लीनं आपला ठिपका आपल्याच कंप्युटरवर चढवला. ऑफिसात साऱ्याईले दिसते म्हणे. सांजले मैत्रिणीसंग मंडईची जत्रा पाहाले गेली. कंप्युटर उघडाच टाकून. कोष्ट्याच्या घरची पोर, हे शिकली. दिवसाचं विणणं सरलं का मागावर चादर पडलीच पाहिजे. धूळ, उंदीर.

म्या जुनं धुतलेलं लुगडं टाकलं वरून.

ता. ८, शनिवार

सकाळीच बोंब. पल्ली ठिपका हातानं पिवळा कराले विसरली, अन् रातीले आली तवा झाकलेलं पाहून झोपली. लुगड्याखाली कंप्युटर रातभर जागा, ठिपका हिरवागार. साहेब मेसेजवर मेसेज टाकत राहिला. ही हजर दिसे, उत्तर काही नाही.

"आजी, झाकलं काहून व?"

"झाकलं म्हणजे काम सरलं. आंधळ्याले बी समजते."

"साहेबाले तुहं लुगडं दिसते का तिकडून?"

"मग तुया ठिपक्यानं सांगाचं ना. माणूस मंडईत जिलेबी खाऊन राहिला, अन् हा म्हणते हजर. लबाड आहे थो."

भांडणात जीभ चालली, दुसरं काही नाही. पण पल्ली ठिपक्याकडं पाहाले लागली. मग म्हणे, "आबाजी मागावरून पाणी प्याले उठत, तवा धोटा कापडावर आडवा ठेवत. काहून?"

माह्या बुढ्याचं बरं ध्यानात तिच्या. धोटा म्हणजे मागावर सूत इकडून तिकडं नेणारी लाकडी होडी. आडवा धोटा म्हणजे आलोच. माह्या जाग्यावर कोणी बसू नका.

जेवली नाही. बसली कामाले.

ता. ९, रविवार

नवा ठिपका! हात चालू तवर हिरवा. हात थांबले का आपोआप आडवा होते, धोट्यावानी. दिवस सरला का वरून चादर, राखडी रंगाची. पहिला धोटा काढला थो कारल्यावानी दिसे. सांगतलं तोंडावर. रुसली, पुसला, पुन्हा काढला. पुन्हा कारलं. तिसरा बरा.

मग तिनं हात काढले, अन् दोघी उंदरावर टपलेल्या मांजरीवानी बसलो. पाहता पाहता पडला आडवा. म्या टाळी वाजवली. शेजारीण धावत आली, कोण पडलं म्हणून.

ता. १०, सोमवार

झोप नाही. मले कायची परीक्षा आहे? भाजीत मीठ दोनदा पडलं. रमेश जेवला गुपचूप. त्याचा बी जीव थाऱ्यावर नाही, पण नवा शर्ट इस्त्री करून ठेवला. कोणासाठी, विचारलं नाही.

ता. ११, मंगळवार

पल्ली सकाळपासून तयार. मी दारात बसून लिहून राहिली. साहेबाचा ठिपका आत्ता हिरवा झाला. पल्ली पाणी प्याले आत गेली. तिचा ठिपका पडला आडवा. अन् नेमका तवाच कंप्युटर वाजाले लागला.

रमेश शर्ट सावरून खुर्चीवर जाऊन बसला बी.

"माय, साहेबाचा कॉल. घेतो मी."

"ठिपका कसा आहे, पाह्य."

"आडवा."

"मग उठ तिथून. वाजू दे. थे येऊन राहिली, अन् थेच बोलन."