समोरची हिरवळ

३ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. हातात मोठं काम होतं, आणि ते तुमच्याच शहराचं होतं. नव्या संग्रहालयाचं मॉडेल करायला आमच्या कारखान्याकडे आलं आणि नेमकं माझ्या टेबलावर पडलं. इमारत आणि भोवतालचा सगळा भाग, पातळ लाकूड आणि पुठ्ठ्यात. आता ते तुमच्या नगरपालिकेच्या सभागृहात लोकांना बघायला ठेवलंय. लोकांची मतं मागवली आहेत, ती वाचून सभा निर्णय घेणार म्हणे.

तू जाच. इमारत तर बघशीलच, पण आजूबाजूलाही बघ. चष्मा विसरू नकोस. मग जे वाटेल ते स्पष्ट लिही. मी केलंय म्हणून भीड धरू नकोस. जास्त लिहीत नाही, बघितल्यावर तुला कळेलच.

तब्येत सांभाळ. माया आहे ती असू दे.

तुझा,
बारक्या

११ मार्च

चि. बारक्यास, अ. उ. आ.

पन्नाशी उलटलेल्या माणसाला बारक्या म्हणू नये, असं शेजारच्या नर्सबाई म्हणतात. मी म्हटलं, मग काय म्हणू, मोठ्या? त्याला ते शोभायला हवं ना!

जाऊन आले. काय गर्दी होती! आणि प्रत्येकजण स्वतःला इंजिनियर समजत होता. एक गृहस्थ म्हणाले, ही इमारत आहे की उलटी ठेवलेली बादली? एका कॉलेजच्या मुलीने त्यांना झाडलंच, की जुन्या शहराने कायम जुनंच दिसायचं का. कुणी म्हणालं, आधी दवाखाना बांधा, मेलेल्यांच्या भांड्यांना कशाला एवढी जागा? एक निवृत्त मास्तर म्हणाले, संग्रहालय वस्तीतच हवं, शहराबाहेर नेलं तर पोरं सहलीशिवाय बघायची नाहीत. मला आपलं सगळ्यांचंच पटत होतं.

पण मॉडेल, बारक्या! मी तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना सांगितलं की हे माझ्या धाकट्या भावाच्या हातचं. बादलीवाल्या गृहस्थांनाही सांगितलं, ते जरा ओशाळले. इमारतीपुढची हिरवळ तर इतकी खरी, की पहारेकऱ्याची नजर चुकवून मी बोट लावून बघितलं. चष्मा शिलाई मशीनवरच राहिला होता, त्यामुळे बाकीचं बारीकसारीक काही दिसलं नाही. त्याने काय बिघडलं?

मत मात्र पानभर लिहिलं. आमच्या वस्तीजवळ इतकी देखणी वास्तू होते आहे, आम्हा रहिवाशांना अभिमान वाटतो, लवकर बांधा. खाली सही आणि आपला पत्ता. खूश?

वेळेवर जेवत जा.

तुझी,
ताई

१६ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

तुझं पत्र मिळालं. ज्या हिरवळीला तू बोट लावलंस, तिथे आपली गल्ली आहे. आपलं घर, नर्सबाईंचं घर, पार कोपऱ्यावरच्या चावीवाल्यापर्यंत सगळं जाणार. इमारतीला पुढे मोकळी जागा हवी म्हणून.

नकाशा आला तेव्हाच मी ओळखलं होतं. तुला लिहायला बसलो की हात आखडायचा. वाटलं, तू स्वतः बघशील, चिडशील, आणि सगळ्या गल्लीला घेऊन विरोध लिहिशील. तुझ्या तोंडापुढे आजवर कोण टिकलंय? म्हणून जा, जा म्हणून मागे लागलो. तू कौतुकच करून येशील हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि यायला हवं होतं.

मुदत संपायच्या आत परत जा, मत मागे घे. हात जोडतो.

बारक्या

२९ मार्च

चि. बारक्यास, आशीर्वाद.

चष्मा लावून गेले. पाण्याची टाकी सापडली, शाळा सापडली, शाळेपासूनचं वळण सापडलं. वळणाच्या पुढे गवत. मी किती वेळ तिथे उभी होते कोण जाणे. शेवटी पहारेकऱ्याने खुर्ची आणून दिली.

दिलेलं मत परत मिळत नाही, हवं तर दुसरं लिहा, असं मतं घेणाऱ्या खिडकीवरच्या माणसाने सांगितलं. लिहिलं. सगळ्या गल्लीने लिहिलं. पण काल सभेत अध्यक्षांनी वाचलं ते माझंच पहिलं. नावासकट, पत्त्यासकट. जिथली घरं हलवायची आहेत तिथल्याच रहिवाशांना अभिमान वाटतो, आणखी काय हवं, असं म्हणून त्यांनी कागद खाली ठेवला. टाळ्या पडल्या. ठराव झाला.

नर्सबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. उठल्या आणि दुसरीकडे जाऊन बसल्या. माझ्या दोन्ही बाळंतपणांत उशाशी बसलेली बाई ती. सकाळी दार वाजवलं, उघडलं नाही. चावीवाला तर तोंडावर म्हणाला, भावाच्या कामासाठी गल्ली विकलीत.

घरी येऊन खूप रडले. तुझ्यावर ओरडावंसं वाटतं, आणि ओरडायला तू समोर नाहीस. एक ओळ लिहायची होतीस रे. आपलं घर जातंय ताई, एवढीच.

ताई

५ जुलै

ती. ताईस, शि. सा. न.

तू तीन पत्रांना उत्तर दिलं नाहीस. घर रिकामं करायची नोटीस लागल्याचं कळलं. माझ्याकडे ये. मागची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली आहे, खिडकीपाशी मशीन बसेल.

आणखी एक आहे, लिहू की नको करत होतो. पण यावेळी लपवणार नाही. संग्रहालयाच्या पहिल्या दालनात जुन्या गल्लीचं मॉडेल ठेवायचं ठरलंय, आणि ते काम माझ्याकडे आलंय. दुसऱ्या कुणी करण्यापेक्षा मी केलेलं बरं, असं वाटलं. घराची नक्की मापं माझ्याकडे नाहीत. जमलं तर पाठव.

तुझा बारक्या

२० जुलै

चि. बारक्यास, अनेक आशीर्वाद.

मापं सोबतच्या कागदावर आहेत. माझ्याच टेपने घेतली, चुकायची नाहीत. स्वयंपाकघर मोजलं तेव्हा नवल वाटलं, एवढ्याशा जागेत आपण चौघं कसे जेवायला बसत होतो! तू आईच्या आणि माझ्या मध्ये घुसायचास. दाराची चौकट थोडी डावीकडे कललेली आहे, तशीच कर.

नर्सबाई गेल्या आठवड्यात घर सोडून गेल्या. टेम्पोत बसताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला. त्यांनी केला नाही.

तुझ्याकडे येणार नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली मिळाली आहे, शिवणाचं कामही तिथे मिळेल. रंगवलेल्या खोलीत तुझ्या मुलांचा अभ्यास होऊ दे.

परवा मी निघते. या पत्त्यावर आता पत्र टाकू नकोस, पोस्टमनला वाजवायला दार राहणार नाही. लोभ होता तेवढाच आहे, म्हणून तर इतकं लागलं. नवा पत्ता मात्र आज देत नाही.

ताई