बंबाची चिंच

प्रिय यमू,

वीस वर्षांच्या संसारात तुला कधी नावानं हाक मारली नाही. आज मारतो, रागावू नकोस. कारणच तसं आहे. सकाळी आपला बंब गेला! मधल्या नळीला भोक पडलं, पाणी आत शिरलं आणि निखारे फस्सकन विझले.

आणि न्हाणीघरात कोण खोळंबलं होतं? आपली शांता, माहेरी आलेली दहा दिवसांची बाळंतीण. मांडीवर मूठभर लेक. पोर अपुऱ्या दिवसांची, ऊब तुटता कामा नये, असं सुईण बजावून गेली आहे. मार्गशीर्षातली थंडी, पोर हुडहुडतेय, आणि मी हातात लाकूड धरून नुसता उभा!

महिनाभर पाणी नीट तापत नव्हतं. मला वाटलं, लाकूड ओलं. मग वाटलं, जाळ कमी. म्हणून आणखी लाकडं कोंबली. आज पाणी भरणारी साखरशेतची रखमी बंबात डोकावली. नळीवर बोटभर पांढरा खार! त्यामुळे धग पाण्याला लागेना आणि नळीच जळून गेली.

"बाय दर आवसेला चिच उकळीत व्हती. तुमी काय घातलां?"

आपल्या विहिरीचं पाणी जड, त्यात डाळसुद्धा शिजत नाही, हे मला ठाऊक होतं. तू बंबात चिंच उकळून काथ्यानं घासायचीस, तेही दिसत होतं. मी मात्र चेष्टा करायचो, "बंबाला आमटी पाजतेस की काय?"

"इकडून खुशाल हसावं," तू म्हणायचीस. "दोन अवसा चुकल्या की कळेल."

मग जाताना सांगितलं का नाहीस गं? तापातसुद्धा लोणच्याच्या बरण्या मोजून सांगितल्यास, शांताला आणायचं सांगितलंस. बंबाचंच कसं राहिलं?

रखमीनं फळीवरचं काळं गाडगं उतरवलं. रिकामं! यमू, ती चिंच मी खाल्ली. तू गेल्यावर श्रावणभर माझ्या हातची आमटी त्याच गाडग्यातून झाली. वाटायचं, तुझी चव आली.

बंब गाडीत घालून नाशिकला तांबटाकडे धाडतोय. कधी परत येईल, कुणास ठाऊक. तोवर चुलीवर हंडा चढवला आहे. पोर आता उबेला निजली आहे, पण उद्याचं काय?

विहिरीकडची चिंच यंदा लगडली आहे. पहिलं गाडगं बंबाचं. त्याला मी हात लावणार नाही, आणि ते कशासाठी ठेवायचं हे शांताला आजच सांगतो. मी न सांगता जाणार नाही.

तुझी,
इकडची स्वारी