मयेची हर्षा

वास्को

प्रिय आई,

झाडाफुलांचा आणि भटकंतीचा तो ग्रुप तुझ्या फोनवर मीच लावून दिला. इब्रामपुरात एकटी असतेस, तुझा वेळ जाईल असं वाटलं. तिथे तुला मये गावची हर्षा भेटली, माझ्याच वयाची. तू तिला सोनटक्क्याचे फोटो पाठवायचीस, ती तुला फिरलेल्या गावांच्या गोष्टी सांगायची. मी फोन केला की मात्र, "सगळां बरां आसा, ठेवतंय." माझा जीव जळायचा.

एकदा चिडून विचारलं, तर तू हसलीस. "तू इचारतस, गोळयो घेतलंस काय? ती इचारता, आज काय फुललां?"

मग त्या रविवारी मी आले. तू परसात होतीस आणि तुझ्या फोनवर तिचा निरोप आला, 'मावशी, शनिवारी मयेला या, तळं दाखवते.' मी तो पुसून टाकला, आणि शनिवारी मीच तुला तिथे नेलं.

तळ्याकाठी तू खूश होतीस. फोटो काढून म्हणालीस, "हर्षाक धाड गो ह्यो." मी तुझ्याच फोनवरून धाडला. लगेच उत्तर आलं, 'आलात? मग माझ्या निरोपाला उत्तर का नाही दिलंत?'

तू वाचलंस. माझ्याकडे पाहिलंस. "चल, बस चुकतली," एवढंच बोललीस.

काल आले, तर चहा नेहमीसारखाच दिलास. ओट्यावरचा तुझा फोन मी सहज उचलला. त्याला कुलूप होतं.

"हर्षान शिकयल्यान," तू म्हणालीस.

तुझीच ना गं अजून,
सुविधा