सहन न होण्याइतकं चांगलं

१० जानेवारी १९५५, सोमवार

'ऑफुल' म्हणजे भयानक. मग 'ऑफुली काइंड' म्हणजे फार दयाळू, हे कसं? नववी ब मधल्या अनुपमाने विचारलं. मला उत्तर येत नाही. हे फक्त इथे लिहिते. वर्गात मी म्हणाले, चांगला प्रश्न आहे, उद्या सविस्तर बघू. ती म्हणाली, बाई, शुक्रवारीपण तुम्ही उद्याच म्हणाला होतात. ही मुलगी फार पुढे जाईल. जरा हळू गेली तर बरं.

वीस तारखेला इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला येणार. त्यांच्या शेऱ्यावर माझी नोकरी कायम होणार. बाबांनी गिरणीत सगळ्या खात्याला आधीच सांगून टाकलंय की झाली.

११ जानेवारी, सकाळी ६

उत्तर सापडलं. कोणाला न विचारता. इंग्रज माणूस 'टेरिबली', 'ऑफुली' असे भीतीचे शब्द चांगल्या गोष्टीला लावतो. म्हणजे शब्द जितका भयानक, तितकी स्तुती मोठी! 'अनबेअरेबली' म्हणजे सहन होणार नाही इतकं. सहन होणार नाही इतकं चांगलं, याच्या वर काय असणार? बी. ए. ला हे कोणी शिकवलं नाही, याचं नवल वाटतं.

निश्चय: 'व्हेरी' हा शब्द नववी ब मधून हद्दपार.

१२ जानेवारी

पुठ्ठ्यावर तक्ता केला. थर्मामीटरचा. तळाला 'व्हेरी', मग 'टेरिबली', 'ऑफुली', टोकाला लाल शाईत 'अनबेअरेबली'. बाबांनी बराच वेळ बघितलं. म्हणाले, एवढे लागतंत? आमचा नुसत्या 'लय'वर भागता. त्यांना समजावलं की भाषेला पायऱ्या असतात. ते म्हणाले, असतील बाये, आणि विडी ओढायला गॅलरीत गेले.

१४ जानेवारी, संक्रांत

आई म्हणाली, लाडू भयंकर बरे झाले हत, खाऊन बघ. मी तिला सांगितलं, आई, भयंकर वाघ असतो, लाडू नव्हे. घरात एक मुलगी पदवीधर आहे, निदान मराठी तरी नीट बोलावं. आईने लाडवांचा डबा परत फळीवर ठेवला.

लाडू खरंच चांगले होते. नंतर घेतले.

१७ जानेवारी

वर्गाची प्रगती थक्क करणारी. एकीने 'माय ग्रँडमदर इज अनबेअरेबली ओल्ड' लिहिलं. दहापैकी नऊ दिले. एक गुण अक्षराचा कापला. मोठ्या बाई दारात उभ्या राहून तक्ता वाचत होत्या. म्हणाल्या, परबबाई, हे क्रमिक पुस्तकात आहे का? मी म्हटलं, पुस्तक मागे पडलंय. त्या 'हं' म्हणाल्या. प्रभावित झाल्या असाव्यात.

वीस तारखेचं आभाराचं भाषण अनुपमाकडे. मी लिहून देणार नाही. स्वतःच्या शब्दांत बोलू दे. शिक्षण म्हणजे तेच.

२० जानेवारी, संध्याकाळी ५

इन्स्पेक्टरसाहेब सव्वा तास बोलले. विषय शिस्त. मुली उन्हात बसलेल्या. दोघींना घेरी आली. मग अनुपमा उठली, नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, 'सर, युअर स्पीच वॉज अनबेअरेबली लाँग.'

साहेबांनी चष्मा काढला. मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तपासणीसाठी बाहेर मांडलेल्या तक्त्याकडे बघितलं. मागच्या रांगेतल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

नंतर अनुपमा रडवेली होऊन विचारत होती, बाई, काय चुकलं? मोठ्या पाहुण्यांनी जास्त वेळ दिला तर तो मान ना? एवढा मान दिला म्हणून वरचा शब्द घेतला. वाक्यात एकही चूक नव्हती. सगळी अडचण तीच.

२१ जानेवारी

शेरा आला: 'इंग्रजीच्या शिक्षिकेने प्रथम व्हेरी हा शब्द शिकवावा.' नोकरी जूनपर्यंत हंगामीच. मोठ्या बाई म्हणाल्या, शिवणाच्या बाई बाळंतपणाला गेल्यात, ते तास घ्याल का? इंग्रजी मी बघते. मी म्हटलं, विचार करून सांगते. इंग्रजीचं नुकसान होऊ नये एवढीच काळजी.

अनुपमाची चूक नव्हती, एवढं मात्र मी त्यांना सांगून आले. त्या म्हणाल्या, ते दिसतंच आहे.

बाबांना अजून काही सांगितलेलं नाही.

२४ जानेवारी

सांगितलं. बाबांनी हातातली विडी विझवली. मग म्हणाले, शाळेतच आहेस ना? मग झाला तर. खात्यात काय सांगायचा ता मी बघतंय.

आईने शेजारणीचं नवं पातळ हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, भयंकर सुंदर गो. मी तोंड उघडलं. मिटलं. भयंकर सुंदर. ऑफुली काइंड. आमच्या स्वयंपाकघरात हे संक्रांतीलाच सांगून झालं होतं, आणि मी लाडवांचा डबा फळीवर पाठवला होता.

पण मग 'असह्य सुंदर' आई कधीच का म्हणत नाही? विचारलं. ती म्हणाली, असह्य तुझ्या मावशीचा बोलणा.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आले. शिवणाचे तास घ्यायचा निर्णय विचारपूर्वक घेतला आहे, तसा तो मोठ्या बाईंना काल दुपारीच चिठ्ठीने कळवला. मराठीत. आईच्या ब्लाउजवर हात बसवून घ्यायचा म्हणून बाहीच्या नमुन्याला जाड पुठ्ठा हवा होता. घरात एकच होता. आज सकाळी तक्ता उभा कापला. बाही व्हेरी चांगली निघाली. 'अनबेअरेबली' बरोबर काखेत आलं.